गेनबाचा गेंद

१२ ऑगस्ट

दैनंदिनी लिहिण्याची सवय मला नाही. आजवर जे लिहिले ते विद्यार्थ्यांसाठी अथवा परीक्षकांसाठी. स्वतःसाठीच लिहावे ही कल्पना मला नेहमी किंचित अशिष्ट वाटत आली. तथापि दुपारच्या चहाला ज्या व्यक्तीशी वाद घालावयाचा ती जुलैपासून नाही, आणि मुद्दे मात्र साचत राहतात. ते कोठेतरी उतरवणे भाग आहे.

आज वैष्णवी आली होती. माझी पत्नी मुक्ता हिची शेवटची संशोधक विद्यार्थिनी. आता स्वतः महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. चहा मी केला. दोन घोट घेऊन तिने कप खाली ठेवला, त्यावरून साखर राहून गेली असावी.

"सर, पेपर छापून आल्यावर तुम्हाला बाहेरून कळलं असतं तर ते बरं दिसलं नसतं. म्हणून आले."

"बोला."

"मॅडमचा गेनबाई वेगळी प्रजाती नाहीये, सर. डीएनए पाहिला. साध्या गेंदात आणि त्याच्यात काही फरक नाही."

गेंद म्हणजे पावसाळ्यात पठारांवर उगवणारे, शर्टाच्या गुंडीएवढे पांढरे फूल. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत आणि ते ओळखावयाचे ते मोहरीहूनही बारीक अशा बीवरून. तरुणपणी मुक्ताला भोरकडील एका पठारावर असा गेंद सापडला की ज्याच्या बियांवर आकडेदार लव होती. तिने तो नवी प्रजाती म्हणून प्रसिद्ध केला व वारज्यास शेती करणाऱ्या आपल्या वडिलांचे, गेनबांचे, नाव लॅटिन वळणाने त्यास दिले: एरिओकॉलॉन गेनबाई. नावापुढे, शास्त्राच्या प्रथेनुसार, शोधकर्तीचे आडनाव: दांगट. विवाहानंतरही शास्त्रात ती दांगटच राहिली. घाटनांदूरकर हे आडनाव कोणत्याही फुलास पेलणार नाही, असे ती म्हणे. मला त्याचा अभिमानच वाटे.

"आणि ती लव?" मी विचारले.

"पाण्यामुळे येत असेल. डबक्यात वाढलेल्याला येते, बाहेरच्याला नाही. असं मला वाटतं. सिद्ध झालेलं नाही." मग उगीचच म्हणाली, "गेल्या हिवाळ्यात मॅडमनी माझ्याकडून साध्या गेंदाचं बी मागून घेतलं होतं. कशाला, ते बोलल्या नाहीत."

त्याचा येथे काय संबंध ते मला कळले नाही, आणि मी तसे म्हणालोही.

नोव्हेंबरमध्ये महाविद्यालयात मुक्ताच्या स्मरणार्थ चर्चासत्र आहे. वैष्णवी तेथे हा निबंध वाचू इच्छिते. "तुम्ही नको म्हणालात तर त्या दिवशी नाही वाचणार. पण छापणार, सर. ते नाही थांबवता येणार."

मी म्हणालो, "तुम्ही अवश्य वाचा. त्यानंतर मी उत्तर देईन."

ती गेल्यावर बाल्कनीतील कुंड्यांना पाणी घातले. या गेनबाईच्या कुंड्या मुक्ताने जूनमध्ये, आजारी असतानाच, पेरल्या. एक ओळ पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडवलेली, दुसरी फळीवर कोरडी, तिला केवळ घोटभर पाणी. आजारपणात असा पक्षपात राहून गेला असणार. मी गेल्या महिन्यातच कोथरूडच्या बाजारातून दुसरा टब आणून दुसरी ओळही पाण्यात ठेवली. आता सर्वांना सारखे मिळते. फळीवरची एक कुंडी मात्र तेराव्याच्या दिवशी मुक्ताचा धाकटा भाऊ मच्छिंद्र घेऊन गेला आहे.

१३ ऑगस्ट

मूळ वाद नोंदवून ठेवतो, कारण त्यावर संबंध संसार झाला.

मुक्ता वास्तववादी होती. तिच्या मते प्रजाती निसर्गात असतातच. आपण त्या शोधतो. मी तर्कशास्त्राचा अध्यापक आणि अनुभववादी. मला दिसते ते एक रोप, त्याशेजारचे दुसरे, त्यापलीकडचे तिसरे. 'प्रजाती' नावाची वस्तू कोणीही पाहिलेली नाही. ते साम्याला दिलेले एक सोयीचे नाव आहे.

"म्हणजे माझा गेनबाई मी शोधला नाही, शिवला?" ती विचारी.

"शिवलास."

"शिलाई तरी बरी जमलीय ना?"

एकदा मी तिला आव्हान दिले की, कोणी पाहत नसतानाही जे असते असे एक उदाहरण दे. "भूक," ती म्हणाली आणि पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. याला प्रतिवाद म्हणता येत नाही. पोहे उत्तम होते.

२७ ऑगस्ट

यंदा घरी गणपती नाही. गल्लीतील मंडळाने आपण होऊन कर्णा आमच्या खिडकीकडून पलीकडे वळवून घेतला. मी त्यांना काहीही सांगितलेले नव्हते.

उत्तराचा मसुदा पूर्ण झाला. युक्तिवाद असा: प्रजाती जर माणसाने केलेली सोय असेल, तर डीएनएवरून केलेली विभागणी हीही एक सोयच होय. एका सोयीने दुसरी खोटी ठरत नाही. जो बियांवरील लव पाहतो त्याला गेनबाई दिसेल. जो रेणू पाहतो त्याला दिसणार नाही. तेव्हा मुक्ताची प्रजाती रद्द करण्याचा अधिकार कोणासही नाही.

युक्तिवाद अभेद्य आहे. दोनदा मोठ्याने वाचला. अनेक वर्षांत इतके घट्ट लिहिले नव्हते.

१५ सप्टेंबर

अभेद्य युक्तिवादात एक गैरसोय आढळली.

गेनबाई खोटा आहे असे जर कोणीच दाखवू शकत नसेल, तर मुक्ताने तो खरा आहे असे तरी काय दाखवले? मग पठारावर भर पावसात गुडघ्यांवर बसून तिने केले ते केवळ एक बारसे. उलट, तिने काही शोधले असे म्हणावयाचे, तर ते चुकीचे असण्याची शक्यता मान्य करावी लागते, आणि वैष्णवीला दार उघडावे लागते.

मी तिची प्रजाती वाचवतो आहे आणि तिचा शोध घालवतो आहे. पंचेचाळीस पानांच्या मसुद्यात हे एकदाही माझ्या लक्षात आले नाही. तिच्या लक्षात ते पहिल्या पानावरच आले असते. तिने काही म्हटले नसते. फक्त चष्मा कपाळावर सारून पाहिले असते.

मसुदा कपाटात ठेवला. अनुभववाद्याने अखेर अनुभवाकडेच गेले पाहिजे. बाल्कनीत गेनबाई उभा आहे. ऑक्टोबरअखेर बी धरेल. ते सूक्ष्मदर्शकाखाली घालीन आणि लव दाखवीन. प्रत्यक्षाला अन्य प्रमाण लागत नाही.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. मच्छिंद्र येणार नाही असे गृहीत धरले होते. सकाळी फराळाचा डबा घेऊन दारात उभा.

"काय दाजी, दार तरी उघडा की. का बाहीरूनच परत धाडताय?"

आत येऊन काही वेळ इकडेतिकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पाट तेवढा मांडा. बसतो नुसता."

मी पाट मांडला. तो टोपी घालून बसला. पुरुषाने ओवाळावे अशी प्रथा नाही. मी निरांजन लावले आणि त्याच्या पुढ्यात ठेवले. याला ओवाळणे म्हणता येणार नाही. तो ज्योतीकडे पाहत होता. मीही तिकडेच पाहत होतो, कारण पाहण्यासारखे दुसरे काही तेथे नव्हते.

जेवताना म्हणाला, "आक्काची कुंडी झ्याक फुललीया बरं. बिल्डिंगच्या लॉबीत ठिवलीय. वॉचमन पानी घालतो. कवा घालतो, कवा इसरतो. पन बोर्ड लावलाय. 'आमचे वडील कै. गेनबा दांगट यांच्या नावाचे फूल'. लोक फोटू काढत्यात."

त्याच्या इमारतीचे नावही गेनबा हाइट्स आहे. मी त्यास वैष्णवीचे म्हणणे सांगितले.

"ती पोरगी? आक्कानंच शिकवलेली न्हवं? मंग आक्काला इचारून तरी..." एवढे बोलून त्याने करंजी उचलली आणि ती बराच वेळ चावत राहिला.

"काळजी नसावी," मी म्हणालो. "माझ्याकडे पुरावा आहे."

२६ ऑक्टोबर

विजय.

मुक्ताचा सूक्ष्मदर्शक खिडकीशी मांडला. प्रत्येक कुंडीतील बी वेगळ्या काचेवर घेतले. पहिल्या काचेवर लव. दुसऱ्या काचेवर लव. दोन्ही ओळी, झाडून सर्व कुंड्या! आकडे इतके स्पष्ट की मी भिंगावरून डोळा काढून पुन्हा लावला. हे तिने पठारावरून आणून याच भिंगाखाली प्रथम पाहिले तेव्हा तिला काय वाटले असेल, याची मला आज कल्पना आली. इतकी वर्षे ती मला 'जरा या, बघा तरी' म्हणून हाक मारी, आणि मी म्हणे की तुझ्या शब्दावर माझा विश्वास आहे.

वैष्णवीस दूरध्वनी केला. "आपण येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे," एवढेच म्हणालो. स्वरात विजयाची छटा येऊ दिली नाही. आली असल्यास नाइलाज.

२८ ऑक्टोबर

वैष्णवीने एक काच पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. मी म्हणालो, "आता आपले काय म्हणणे आहे?"

ती उठून बाल्कनीत गेली. प्रत्येक कुंडीत मुक्ताने आइस्क्रीमची काडी खोचून त्यावर पेन्सिलीने क्रमांक घातलेला आहे.

"सर, हा नंबर माझ्या कलेक्शनचा आहे."

"अर्थातच. बी दरवर्षी तुमच्याकडूनच येत असे."

"दरवर्षी गेनबाईचं यायचं. हे साध्या गेंदाचं आहे. मी सांगितलं नव्हतं का, मॅडमनी मागून घेतलं म्हणून? याच्या आईच्या बियांवर लव नव्हती. गुळगुळीत होत्या. पाकीट अजून आहे माझ्याकडे."

मी वाकून काडीवरील क्रमांक वाचला.

"ही दुसरी ओळ पाण्यात कुणी ठेवली?"

"मी. एका ओळीस भरपूर आणि दुसरीस घोटभर, हा पक्षपात मला योग्य वाटला नाही."

ती हसू लागली. हसता हसता फळीवर बसली आणि ओढणीने डोळे पुसू लागली. "सर, तो पक्षपात नव्हता हो. तो कंट्रोल होता. मॅडम तपासत होत्या. साध्या गेंदाला पाण्यात ठेवलं तर लव येते का, ते. स्वतःचाच गेनबाई तपासत होत्या!"

"मला तिने सांगितले नाही."

"मलाही नाही. पण त्या नेहमी म्हणायच्या, घरी एक तर्कशास्त्री बसलेत, अर्धवट निकाल घरी न्यायची सोय नाही."

हे वाक्य तिचेच आहे. त्यात शंका नाही.

मी विचारले, "म्हणजे मी तिचा प्रयोग नासवला?"

"पाण्याची बाजू तुम्ही एकदम चोख केलीत. कोरडी एकही उरली नाही, हाच प्रॉब्लेम. तुलना कशाशी करायची?"

"एक उरली आहे," मी म्हणालो. "वारज्याला."

२९ ऑक्टोबर

आज लिहिण्यासारखे काही नाही. टबांतील पाणी बदलले.

१ नोव्हेंबर

रिक्षाने वारज्यास गेलो. सूक्ष्मदर्शक मांडीवर धरला होता. प्रत्येक गतिरोधकावर वैष्णवी 'हळू हो दादा' म्हणे, आणि चालक म्हणे, "ताई, काय बाळ-बिळ हाय का त्यात?"

गेनबा हाइट्सच्या लॉबीत संगमरवरी चौथऱ्यावर कुंडी. मागे पितळी पाटी. वॉचमनच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला. बी आधी मी पाहावे, असे वैष्णवीने सुचवले.

गुळगुळीत. एका बीवरही लव नाही.

तेच बी, मुक्तानेच पेरलेले. फरक एवढाच की माझ्या न्यायबुद्धीने ज्यांना पाणी दिले त्यांना लव आली आणि वॉचमनच्या विसराळूपणाने जे कोरडे राहिले ते साधे राहिले. वैष्णवी म्हणाली की एका कुंडीवर निष्कर्ष काढता येत नाही, पुढील पावसाळ्यात हे सारे रीतसर करावे लागेल. परंतु दिशा कळली.

मच्छिंद्रनेही भिंगास डोळा लावला. "मला तर पापनीच दिसतीया." मग दिसले असावे. "म्हंजी आमच्या बाचं नाव खोडलं?"

"खोडत नाहीत, मामा," वैष्णवी म्हणाली. संशोधक मंडळी पठारावर जाताना वाटेत त्याच्याकडे जेवत, तेव्हापासून ती त्याला मामा म्हणते. "संग्रहातल्या नमुन्यावरची जुनी चिठ्ठी काढायची नाही, तिच्यावर रेघही मारायची नाही. नवीन चिठ्ठी शेजारी लावायची. कुणी, कधी, काय ठरवलं, सगळं कागदावर राहतं."

"मंग सातबाऱ्यावानीच की! जुनं नाव कंसात ठिवायचं अन् खाली नवा फेरफार." तो पाटीकडे पाहत राहिला. मग वैष्णवीस म्हणाला, "अन् हे सोदून काडलं कुनी म्हनतेस? आक्कानं?"

"मॅडमनीच."

"आपलाच फेरफार आपुनच केला बाईनं." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "पाटी राहू द्या दाजी. वाचनाऱ्यानं वाचावी. फूल तर बाच्याच पोरीनं लावलंय."

३ नोव्हेंबर

काही मुद्दे.

माझ्या मताने प्रजाती ही सोय. सोयीच्या बाबतीत माणूस गैरसोयीचा ठरू शकतो, चुकीचा नव्हे. म्हणून चाळीस वर्षे मी कधीही चुकलो नाही, आणि माझ्या या लौकिकाचा मला अभिमान होता.

मुक्ताने मात्र असे काहीतरी हाती धरले होते की ज्याबाबत ती चुकू शकत होती. तिने ते ओळखले होते. स्वतःच्या वडिलांच्या नावाची प्रजाती तिने स्वतःच्याच बाल्कनीत पणाला लावली, तीही उठबस कठीण झालेली असताना. जो आपला गेनबाई वाचवण्यासाठी अभेद्य युक्तिवाद लिहितो त्यापेक्षा जी साध्या गेंदाला पाण्यात आणि कोरड्यात ठेवून पाहते, तिचा गेनबाईवर अधिक विश्वास असला पाहिजे. यात कोठेतरी विरोधाभास आहे. मला तो आज सापडला नाही.

वैष्णवीस कळवले की निबंध अवश्य वाचावा. एक अट घातली: योजना मुक्ताची आहे, तेव्हा लेखकांत पहिले नाव दांगट. ती म्हणाली, "ते मी आधीच टाकलंय, सर."

१५ नोव्हेंबर

चर्चासत्र पार पडले. सभागृह भरले होते. वैष्णवीने उत्तम वाचले. मुलाखतीला आल्याप्रमाणे घाबरली होती, पण आकडेवारीवर आल्यावर स्थिर झाली.

प्रश्नोत्तरात मुक्ताचे एक निवृत्त सहकारी उभे राहिले. "आयोजकांचे अभिनंदन. स्मृतिप्रीत्यर्थ सभा भरवून स्मृतीच निकालात काढण्याची ही पद्धत पुण्यातच शोभते." लोक हसले.

उत्तर देण्यासाठी माझे नाव कार्यक्रमपत्रिकेवर होतेच. मी उठलो. माझ्याजवळ कागद नव्हता, असे आयुष्यात प्रथमच घडले.

मी म्हणालो, "आपण माझ्या पत्नीस ओळखत होता; तेव्हा तिने चुकीचे विधान उभे राहू दिले असते, असे आपण सुचवत नसाल, असे धरून चालतो. मी व्यवसायाने तिचा विरोधक. ती म्हणे, निसर्गात खरी सीमा असते. मी म्हणे, सीमा आपण आखतो. आज एक सीमा पुसली गेली. ती पुसण्याचे काम ज्या हाताने ती आखली त्याच हाताने आरंभले होते. आखणारे पुष्कळ असतात. आखलेली रेघ खरी आहे का, हे पाहण्यासाठी पुन्हा बी पेरणारे मी एकच माणूस पाहिले, आणि त्याच्याबरोबर राहण्याचा मान मला मिळाला."

वेळ संपली होती. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत मच्छिंद्र उभा राहून वाजवत होता, जे सभासंकेतास धरून नाही.

ते निवृत्त सहकारी नंतर चहाच्या टेबलाशी आले. "बोललात छान. पण मग तुम्ही आता वास्तववादी झालात म्हणायचं?"

"नाही," मी म्हणालो. "मी फक्त विवाहित आहे."

२१ नोव्हेंबर

आज महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहात गेलो. मुक्ताने आयुष्यभर जेथे काम केले त्या दालनात मी यापूर्वी केवळ तिला घरी नेण्यासाठी, आणि दारापर्यंतच, गेलो होतो.

वैष्णवीने लोखंडी कपाटातून मूळ नमुना काढला. जाड कागदावर चिकटवलेली वाळलेली रोपे, अद्याप गुंड्यांसारखीच, आणि खालच्या कोपऱ्यात मुक्ताचे अक्षर. तिशीच्या आतले अक्षर. उकार थोडे लांब, घाई असल्यासारखे. मी ते वाचत असता वैष्णवी थांबून राहिली.

मग तिने नवी चिठ्ठी लिहिली. साध्या गेंदाचे लॅटिन नाव, वर्ष, आणि त्याखाली 'मु. दांगट' असे लिहू लागली.

मी तिला थांबवले. "हे नियमास धरून नाही. ज्याने नमुना पाहून ठरवले त्याचेच नाव चिठ्ठीवर असावयास हवे. मृत व्यक्ती ठरवू शकत नाही."

हा शब्द मी प्रथमच वापरला. तो उच्चारता येतो, असे आढळले.

वैष्णवीने दुसरी चिठ्ठी घेतली, तीवर स्वतःचे नाव लिहिले आणि पेन माझ्याकडे दिले. "मग तुम्हीही लिहा. बी तुम्हीही पाहिलंत. बाल्कनीतलं, वारज्याचं, दोन्ही. आणि पाणी तर तुम्हीच घातलं होतं."

हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते. तथापि प्रजातीविषयीच्या निर्णयाखाली माझी सही असणे माझ्या आजवरच्या प्रतिपादनाशी विसंगत ठरेल, हेही मी तिच्या निदर्शनास आणले. ती म्हणाली, "बरं, सर," आणि पेन पुढे धरूनच राहिली.

मी पूर्ण नाव लिहिले. उत्तरेश्वर घाटनांदूरकर. चिठ्ठी लहान असल्याने आडनाव दोन ओळींत आले. यावरून मी मत बदलले, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

चिठ्ठी मुक्ताच्या अक्षराशेजारी लावली. गोंद वाळेपर्यंत कोपरा बोटाने दाबून धरावा लागतो, नाहीतर कागद उचलतो. वैष्णवी म्हणाली, "द्या, मी धरते. तुम्ही बसा."

मी म्हणालो, राहू द्या. मला घाई नाही.